लसीकेचा प्रवाह: हृदयासारखा पंप नाही, मग ती वाहते कशी?

वाटसरू (मूळ प्रश्न)

नमस्कार. रक्ताभिसरणावरच्या बहुतेक पुस्तकांच्या शेवटी लसीका संस्थेवर दोन-चार पाने असतात आणि ती वाचून झाल्यावर माझ्या शंका कमी होण्याऐवजी वाढतात, म्हणून हा धागा काढत आहे. पुस्तकांतला हिशेब साधारण असा असतो: केशवाहिन्यांच्या, म्हणजे सर्वांत बारीक रक्तवाहिन्यांच्या, भिंतींतून रोज सुमारे २० लिटर द्रव ऊतींमध्ये झिरपतो, त्यांपैकी १७ लिटर केशवाहिन्यांच्या शिरेकडच्या टोकाला पुन्हा रक्तात शोषला जातो आणि राहिलेला ३ लिटर द्रव, म्हणजेच लसीका, लसीकावाहिन्या गोळा करून रक्तात नेऊन सोडतात. आता ज्या केशवाहिन्या १७ लिटर परत घेऊ शकतात त्यांना उरलेले ३ लिटर का झेपू नयेत, आणि एवढ्याशा शिलकीसाठी शरीराने डोक्यापासून पायापर्यंत वाहिन्यांचे दुसरे जाळे का विणावे, हे मला उमगत नाही.

दुसरी शंका प्रवाहाची. पायाच्या बोटांतली लसीका मानेपर्यंत चढते, पण तिच्यामागे हृदयाचा जोर नसतो. ‘हालचालीमुळे स्नायूंचा दाब पडतो आणि लसीका पुढे सरकते’ एवढेच स्पष्टीकरण बहुतेक ठिकाणी आढळते. ते खरे धरले तर गाढ झोपेत, किंवा अर्धांगवायूमुळे पाय हलत नसलेल्या माणसात, हा प्रवाह थांबायला हवा. तिसरी शंका अशी की द्रव परत नेण्याचे आणि रोगप्रतिकाराचे, अशी दोन वरवर असंबद्ध वाटणारी कामे एकाच संस्थेकडे का आहेत? जाणकारांनी सविस्तर लिहावे. मालिश करून शरीरातील ‘विषे’ बाहेर काढण्याचे व्हिडिओ मी पुरेसे पाहिले आहेत. त्यांचे दुवे कृपया नकोत.

ऊतीद्रव (प्रतिसाद)

मी शरीरक्रियाशास्त्र शिकवतो, त्यामुळे पहिल्या शंकेपुरते लिहितो. ती अगदी रास्त आहे, कारण तो हिशेबच आता जसाच्या तसा मानला जात नाही.

अर्नेस्ट स्टार्लिंग यांनी १८९६ मध्ये मांडलेले तत्त्व आजही टिकून आहे: केशवाहिनीतला रक्तदाब पाण्याला बाहेर ढकलतो आणि रक्तद्रवातील (रक्तपेशी वगळून उरणाऱ्या द्रवातील) प्रथिने, मुख्यतः अल्ब्युमिन, त्याला परासरणाने आत ओढतात. मात्र धमनीकडच्या टोकाला द्रव बाहेर जातो आणि शिरेकडच्या टोकाला तो जवळजवळ सगळा परत येतो, ही पाठ्यपुस्तकांतली सुबक आकृती बहुतेक ऊतींना लागू पडत नाही. केशवाहिनीच्या आतल्या बाजूला ग्लायकोकॅलिक्स नावाचा शर्करायुक्त रेणूंचा अतिशय पातळ थर असतो आणि पाण्याची दिशा ठरवणारा प्रथिनांचा फरक प्रत्यक्षात या थराच्या दोन बाजूंमधला असतो. समजा काही कारणाने पाणी आत शोषले जाऊ लागले, तर प्रथिने थराच्या बाहेरच्या बाजूला मागे राहून तिथे दाटू लागतात, त्यांची ओढ वाढते आणि थोड्याच वेळात शोषण आपोआप थांबते. मोठा रक्तस्राव झाल्यावर ऊतींतले पाणी रक्तात येते हे खरे आहे, पण ती तात्पुरती सोय असते. लेविक आणि मिशेल यांनी २०१० मध्ये या विषयावरील मोजमापे एकत्र तपासून हाच निष्कर्ष मांडला की बहुतेक ऊतींत केशवाहिन्यांतून सतत, मंद गतीने द्रव बाहेरच जात असतो आणि त्याच्या परतीची वाट म्हणजे लसीकावाहिन्या. मूत्रपिंड, आतड्याचे अस्तर आणि स्वतः लसीकाग्रंथी (लसीकेच्या वाटेवरच्या छोट्या गाठी) हे ठळक अपवाद आहेत. तिथे केशवाहिन्या खरोखरच सतत द्रव शोषतात. ग्रंथींचा हा अपवाद महत्त्वाचा आहे. ऊतींकडून ग्रंथींकडे दररोज अंदाजे ८ लिटर लसीका येते, त्यातले जवळपास निम्मे पाणी ग्रंथींमधल्या केशवाहिन्याच घेऊन टाकतात, आणि मानेच्या तळाशी रक्ताला मिळते ती सुमारे ४ लिटर अधिक दाट लसीका. पूर्वीच्या संशोधकांनी मुख्यतः हा शेवटचा भाग मोजला, त्यामुळे लसीकेचा वाटा किरकोळ वाटत राहिला. निरोगी प्रौढाच्या शरीरात रक्तद्रवच जेमतेम ३ लिटर असतो हे लक्षात घेतले, तर हा ‘किरकोळ’ प्रवाह केवढा मोठा आहे ते दिसते.

पाण्याहूनही मोठा प्रश्न प्रथिनांचा आहे. रक्तातील अल्ब्युमिनपैकी सुमारे ५ टक्के दर तासाला केशवाहिन्यांबाहेर निसटते. पाणी दोन्ही दिशांनी जाऊ शकते. पण बाहेरच्या विरळ द्रवातून आतल्या दाट द्रवात प्रथिने आपसूक परत जाणे शक्य नाही. त्यांना लसीकेखेरीज दुसरी वाटच नाही. ती वाट बंद झाली, तर प्रथिने ऊतींमध्ये साचतील, स्वतःबरोबर पाणी धरून ठेवतील आणि रक्ताचे आकारमान घटत जाईल.

आता हा द्रव वाहिनीत शिरतो कसा ते पाहू. लसीकेच्या सुरुवातीच्या वाहिन्या एका टोकाला बंद असतात. त्यांच्या भिंतीतल्या पेशींच्या कडा एकमेकींवर चढलेल्या असतात आणि बाहेरच्या बाजूने सूक्ष्म तंतूंनी त्या आसपासच्या ऊतीला बांधलेल्या असतात. ऊतीत द्रव वाढून ती फुगली की हे तंतू ताणले जातात आणि पेशींच्या कडा उघडतात. आतला दाब वाढला की त्याच कडा, एकाच बाजूला उघडणाऱ्या दारासारख्या, मिटतात. एरवी सूज आली की आसपासच्या नाजूक नळ्या चेपल्या जातात. इथे मात्र सूजच वाहिनी उघडते, आणि मला विचाराल तर या संस्थेतली सर्वांत देखणी गोष्ट हीच आहे.

निरगाठ (प्रतिसाद)

वरच्या प्रतिसादानंतर पहिल्या शंकेबद्दल सांगण्यासारखे काही उरलेले नाही. मी फिजिओथेरपिस्ट असून लसीकासूज, म्हणजे लसीका साचून आलेली सूज, असलेल्या रुग्णांवर उपचार करते, म्हणून दुसऱ्या शंकेविषयी लिहिते.

लसीकेला हृदय नाही हे खरे, पण पंप नाही असे मात्र नाही. सुरुवातीच्या वाहिन्या पुढे ज्या मोठ्या वाहिन्यांना मिळतात त्यांच्या भिंतीत स्नायू असतात आणि आत ठरावीक अंतरावर झडपा असतात. दोन झडपांमधला प्रत्येक तुकडा स्वतंत्रपणे आकुंचन पावतो. त्याला लिम्फँजिऑन म्हणतात. तो भरून ताणला गेला की आकुंचन सुरू होते, वरची झडप उघडते, खालची मिटते आणि द्रव पुढच्या तुकड्यात जातो. ही क्रिया मिनिटाला काही वेळा, मेंदूच्या आज्ञेशिवाय, झोपेतही चालते. स्वस्थ पडलेल्या माणसाच्या पायातली लसीका मुख्यतः याच आकुंचनांनी वर चढते.

हे प्रत्यक्ष पाहता येते. पायाच्या बोटांमधल्या त्वचेत इंडोसायनिन ग्रीन या रंगद्रव्याचे थोडेसे इंजेक्शन देतात आणि अवरक्त किरणांच्या जवळच्या पट्ट्यात पाहणारा कॅमेरा पायावर धरतात. काही मिनिटांत पडद्यावर नडगीच्या बाजूने एक पांढरी रेघ दिसू लागते आणि नीट पाहिले तर त्या रेघेतून उजळ ठिपके थांबत-थांबत वर सरकताना दिसतात. रुग्णाचा पाय त्या वेळी पूर्ण स्थिर असतो. वाहिन्या खराब झालेल्या पायात मात्र ही रेघ तुटते आणि रंगद्रव्य मागे फिरून त्वचेत धुक्यासारखे पसरते.

हालचालीचा वाटा मी कमी लेखत नाही. पोटरीचे स्नायू, शेजारच्या धमन्यांचे ठोके आणि श्वास या सर्वांची मदत होते; श्वास घेताना छातीतला दाब घटतो, पोटातला वाढतो आणि लसीका वर खेचली जाते. शिवाय हालचालीचा एक अप्रत्यक्ष फायदा आहे. स्थिर उभ्या असलेल्या माणसाच्या घोट्याजवळच्या शिरांत दाब ८० ते ९० मि.मी. पाऱ्याइतका असतो आणि चालू लागल्यावर तो ३० च्या आसपास उतरतो. म्हणजे चालण्याने लसीका पुढे ढकलली जातेच, पण मुळात द्रव कमी झिरपतो. अर्धांगवायूच्या रुग्णात प्रवाह थांबत नाही. मात्र झिरपणे वाढते, मदत घटते आणि लोंबकळता पाय सुजतो.

लसीकावाहिन्याच नष्ट झाल्या, जसे स्तनाच्या कर्करोगात काखेतल्या ग्रंथी काढल्यावर किंवा हत्तीरोगाचे कृमी वाहिन्यांत राहिल्यावर होऊ शकते, तर सूज वेगळ्या जातीची असते. सुरुवातीला बोटाने दाबले की खड्डा पडतो. पुढे साचलेल्या प्रथिनांमुळे आणि सततच्या दाहामुळे तिथे चरबी व तंतुमय ऊती वाढतात, मग खड्डाही पडत नाही. आम्ही पायाच्या दुसऱ्या बोटाच्या मुळाशी त्वचा चिमटीत धरून पाहतो; ती उचलली गेली नाही तर लसीकासुजेची शंका पक्की होते. अशा सुजेवर लघवी वाढवणाऱ्या गोळ्यांचा फारसा उपयोग होत नाही, कारण पाणी गेले तरी प्रथिने तिथेच राहतात. पट्ट्या व दाब देणारे मोजे, त्वचेची निगा, व्यायाम आणि प्रशिक्षित हातांनी केलेली विशिष्ट हलकी मालिश हा खरा उपचार आहे. शस्त्रक्रियेनंतर त्या हाताने वजन उचलू नये, असे पूर्वी सर्रास सांगत. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, हळूहळू वाढवत नेलेल्या वजनांच्या व्यायामाने सूज वाढत नाही असे दिसून आले, तरी जुना सल्ला अजून ऐकू येतो.

‘विषां’बद्दल आपण दुवे नकोत म्हटले ते बरे केले. लसीका शरीराबाहेर कुठेच जात नाही, ती रक्तात जाते. निरोगी माणसाची लसीका मालिशने थोडी लवकर रक्तात पोहोचवली, म्हणून शरीरातून काही बाहेर पडत नाही; ते काम यकृत आणि मूत्रपिंडे करतात.

वाटसरू

दोघांचेही मनापासून आभार. तिसरी शंका अजून शिल्लक आहे. तिच्याच जोडीला आणखी एक विचारतो: पायाला जखम झाली की जांघेत अवधाण येते, म्हणजे तिथली गाठ सुजून दुखू लागते. जंतू तिथपर्यंत पोहोचले असा त्याचा अर्थ घ्यायचा का? तसे असेल तर ग्रंथी जंतूंना अडवतात म्हणायचे की पसरवतात?

सूक्ष्मदर्शी (प्रतिसाद)

तिसरी शंका आणि अवधाण या दोन्हींचे उत्तर एकच आहे, म्हणून एकत्र लिहितो.

रोगप्रतिकार संस्थेपुढची खरी अडचण गाठभेटीची आहे. एखाद्या विशिष्ट जंतूचे विशिष्ट प्रतिजन (ओळखीची खूण ठरणारा रेणू) ओळखणारी लिम्फोसाइट पेशी, म्हणजे एका प्रकारची पांढरी रक्तपेशी, आपल्याकडे बहुधा असते, पण ती लाखो पेशींमध्ये एखादीच असते. जंतू टाचेच्या भेगेतून शिरला आणि त्याला ओळखणारी पेशी त्याच क्षणी दंडात असली, तर दोघांची भेट व्हायची कशी? प्रत्येक ऊतीत प्रत्येक प्रकारची पेशी पहाऱ्यावर ठेवणे अशक्य आहे. त्यामुळे उलट व्यवस्था उपयोगी पडते: प्रत्येक ऊतीत काय चालले आहे त्याचा नमुना ठरावीक ठिकाणी आणायचा आणि सगळ्या लिम्फोसाइट पेशींनी आळीपाळीने त्या ठिकाणांवरून फिरायचे. ऊतींमधला द्रव तर सतत गोळा होतच असतो. त्यात तिथली प्रथिने, मेलेल्या पेशींचे तुकडे, प्रसंगी जंतू आणि ते गिळलेल्या डेन्ड्रायटिक (नमुने गोळा करणाऱ्या) पेशी असतात. या परतीच्या वाटेवर तपासणीची ठाणी असणे हेच सर्वांत सोयीचे. माणसाच्या शरीरात अशी सुमारे ५०० ते ७०० ठाणी असतात. त्यांना आपण लसीकाग्रंथी म्हणतो.

ग्रंथीच्या फुगीर बाजूने अनेक वाहिन्या आत येतात आणि खोलगट बाजूने एखाद-दुसरीच बाहेर पडते. आत शिरलेली लसीका प्रथम आवरणाखालच्या पोकळीत पसरते आणि तिथल्या भक्षक पेशी जंतू पकडतात. लिम्फोसाइट मात्र बहुतांशी लसीकेबरोबर येत नाहीत. त्या रक्तातून, उंच पेशींचे अस्तर असलेल्या खास सूक्ष्म शिरांच्या भिंतीतून ग्रंथीत उतरतात. अर्धा ते एक दिवस तिथे हिंडून, ओळखीचे काही मिळाले नाही तर त्या लसीकेतून बाहेर पडतात, पुन्हा रक्तात जातात आणि दुसऱ्या ग्रंथीत उतरतात. लिम्फोसाइट अशा रक्तातून लसीकेत आणि लसीकेतून रक्तात फिरत राहतात, हे जेम्स गोवन्स यांनी १९५० च्या दशकाच्या अखेरीस उंदरांवरील प्रयोगांतून दाखवले. तोपर्यंत त्या अल्पायुषी, फारसे काम नसलेल्या पेशी समजल्या जात. एवढा मोठा गैरसमज दूर व्हायला इतका उशीर लागावा, याचे मला नेहमी नवल वाटते.

आता अवधाण. पायातून चेतावणी देणाऱ्या पेशी व रासायनिक संदेश जांघेतल्या ग्रंथीत पोहोचले की तिथला रक्तपुरवठा वाढतो, आत येणाऱ्या लिम्फोसाइट वाढतात आणि त्यांची बाहेर पडण्याची वाट काही काळ रोखली जाते. ओळख पटलेली पेशी विभाजित होऊ लागते व काही दिवसांत तिच्या हजारो प्रती तयार होतात. ग्रंथीचे आवरण ताणले जाते आणि ती दुखते. म्हणजे जिवंत जंतू तिथवर पोहोचलेच असतील असे नाही. बहुधा गाठ दुखते ती काम सुरू झाल्यामुळे. मात्र जंतूंचा जोर जास्त असेल तर ते ग्रंथीत शिरून पू करू शकतात, आणि जखमेपासून वर चढणारी लाल रेघ दिसली तर लसीकावाहिनीलाच दाह झालेला असतो. तेव्हा डॉक्टरांकडे जाण्यास वेळ लावू नये.

अडवतात की पसरवतात याचे उत्तर ‘दोन्ही’ असे आहे. कर्करोगाच्या पेशी याच वाटेने प्रवास करतात, आणि म्हणूनच कर्करोगाच्या गाठीचा द्रव ज्या ग्रंथीकडे सर्वप्रथम जातो ती शोधून तपासतात. ती स्वच्छ निघाली तर बाकीच्या ग्रंथी काढणे अनेकदा टळते. न दुखणारी, कठीण, हलत नसलेली किंवा काही आठवडे वाढतच राहिलेली गाठ दाखवून घ्यावी. डाव्या कॉलरबोनच्या वरची गाठ तर कधीच अंगावर काढू नये. ती जर्मन डॉक्टर विरशॉ यांच्या नावाने ओळखली जाते आणि कधीकधी तिचे मूळ थेट पोटातल्या कर्करोगात असते, कारण पोटातली लसीका त्याच बाजूला येऊन रक्ताला मिळते.

रात्रपाळी (प्रतिसाद)

या शेवटच्या मुद्द्याला धरून लिहिते. मी छातीच्या शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांच्या वॉर्डमध्ये परिचारिका आहे. दोन्ही पाय, पोट, डावा हात आणि छाती, मान व डोके यांची डावी बाजू, एवढ्या सगळ्या भागाची लसीका थोरॅसिक डक्ट या एकाच नळीतून जाते. ही नळी सुमारे ४० सेंटिमीटर लांब असते, पोटात पाठीच्या कण्यासमोर सुरू होते, महाधमनीसोबत श्वासपटल ओलांडते आणि मानेच्या तळाशी डाव्या बाजूच्या दोन मोठ्या शिरा जिथे मिळतात तिथे रिकामी होते. उजवा हात आणि डोके-छातीची उजवी बाजू यांची लसीका उजवीकडे वेगळी मिळते. नळी इतकी पातळ आणि रंगहीन असते की अन्ननलिकेच्या शस्त्रक्रियेत ती क्वचित दुखावते.

तसे झाले तर पहिल्या एक-दोन दिवसांत फारसे जाणवत नाही. रुग्ण उपाशी असतो आणि शस्त्रक्रियेनंतर छातीत बसवलेल्या निचऱ्याच्या नळीतून बाटलीत येणारा द्रव फिकट, पिवळसर असतो. मग पोटात आहार सुरू होतो आणि काही तासांत बाटलीत चक्क दुधासारखा पांढरा द्रव जमू लागतो. आहारातल्या लांब साखळीच्या मेदाम्लांपासून आतड्यातल्या पेशी मेदाचे सूक्ष्म थेंब बनवतात. ते केशवाहिन्यांच्या भिंतीतून जाण्याइतके लहान नसतात, म्हणून ते आतड्याच्या आतल्या बाजूच्या बोटासारख्या प्रत्येक सूक्ष्म अंकुरातल्या लसीकावाहिनीत शिरतात आणि अ, ड, ई व के ही जीवनसत्त्वेही त्यांच्याबरोबर जातात. द्रवातील ट्रायग्लिसराइड (मेदाचा एक प्रकार) दर डेसिलिटरला ११० मिलिग्रॅमपेक्षा जास्त आढळले की निदान जवळपास निश्चित होते. गळती चालू राहिली तर रोज एक लिटरहून अधिक द्रव जाऊ शकतो. मग रुग्णाचे अल्ब्युमिन उतरते, रक्तातल्या लिम्फोसाइट घटतात, वजन कमी होते आणि संसर्ग लवकर जडतो. मूळ प्रश्नातली ‘असंबद्ध’ कामे त्या एकाच बाटलीत एकत्र दिसतात. अशा वेळी मध्यम साखळीच्या मेदाम्लांचा आहार देतात. ती यकृताकडे जाणाऱ्या शिरेतून थेट शोषली जातात, त्यामुळे थोरॅसिक डक्टमधला प्रवाह कमी होऊन छिद्र बुजायला अवधी मिळतो. तेवढ्याने भागले नाही तर ती डक्ट बांधावी लागते. बांधल्यावरही बहुतेकांचे पुढे ठीक चालते, कारण लसीका लहान पर्यायी वाटा शोधते.

हीच पांढरी लसीका १६२२ मध्ये इटालियन डॉक्टर गास्पारे असेल्ली यांना दिसली होती. नुकत्याच खाऊ घातलेल्या कुत्र्याचे पोट उघडल्यावर आतड्याच्या पडद्यात पांढऱ्या दोऱ्यांचे जाळे होते. त्यांना आधी त्या नसा वाटल्या, पण एक कापताच दुधासारखा द्रव आला. कुत्रा उपाशी असता तर बहुधा काहीच दिसले नसते. हा द्रव यकृताकडे न जाता थोरॅसिक डक्टने रक्तात जातो, हे झां पेके यांनी १६५१ मध्ये दाखवले.

वाटसरू

बाटलीचे उदाहरण वाचून तिसरी शंकाही मिटली. एकच शेवटचे विचारतो: ही व्यवस्था शरीरात सगळीकडे आहे का? मेंदूत लसीकावाहिन्या नसतात असे वाचले होते.

ऊतीद्रव (प्रतिसाद)

मेंदूच्या ऊतीत त्या नसतात, हे अजूनही खरे आहे. मात्र मेंदूभोवतीच्या सर्वांत बाहेरच्या आवरणात लसीकावाहिन्या आहेत आणि त्या मानेतल्या खोल ग्रंथींकडे जातात, हे २०१५ मध्ये दोन स्वतंत्र गटांनी उंदरांवरील अभ्यासातून दाखवले. पुढे माणसातही एमआरआयवर त्या दिसल्या. पाओलो मास्कान्यी यांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस अशा वाहिन्यांचे वर्णन केले होते, पण त्यावर फारसा कोणी विश्वास ठेवला नव्हता. कूर्चा आणि डोळ्याचा पारदर्शक पडदा यांत लसीकावाहिन्या नाहीत. डोळ्याच्या पडद्याचे रोपण इतर अवयवांपेक्षा सहज स्वीकारले जाते त्यामागे हेही एक कारण आहे: तिथून ग्रंथींपर्यंत परक्या ऊतीची वर्दी सहजी पोहोचत नाही, आणि आजारामुळे त्या पडद्यात नव्या वाहिन्या वाढलेल्या असतील तर रोपण नाकारले जाण्याचा धोका वाढतो.